खेळाला प्रशिक्षक कशाला? : फॉग ॲलन यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्यावर लेख होता. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात त्यांनी हा खेळ कसा तयार केला, पीच फळांच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला कशा बांधल्या आणि तेरा नियम कसे लिहिले, हे त्यात आले होते. लेखाच्या अखेरीस कॅन्सस विद्यापीठातील त्यांचे शिष्य आणि पुढे तेथील बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक झालेले फॉरेस्ट ‘फॉग’ ॲलन यांचा एका वाक्यात उल्लेख होता. त्या एका वाक्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बास्केटबॉल शिकवता येत नाही, तो नुसता खेळायचा असतो, असे नेस्मिथ यांचे मत असल्याचे आपण लिहिले आहे. खेळाच्या जनकाचेच असे मत असेल, तर मग प्रशिक्षक हा प्रकार आला कोठून? (एक शारीरिक शिक्षण शिक्षक, सांगली)

उत्तर : नेस्मिथ यांना हा खेळ हवा होता तो हिवाळ्यात बंदिस्त जागेत तरुणांना व्यायाम मिळावा आणि अंगावर धावून जाण्याची सवय सुटावी यासाठी. जिंकणे हा त्यांच्या लेखी दुय्यम भाग होता. 1898 मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात आले ते शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक आणि प्रार्थनामंदिराचे संचालक म्हणून. संघाकडे लक्ष देणे हे ओघाने आलेले काम होते. 1907 पर्यंत त्यांच्या नावावर 55 विजय आणि 60 पराभव जमा झाले. कॅन्सस विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे या खेळाचा निर्माता. अनेकांना यात विसंगती दिसते. आम्हाला ती दिसत नाही, कारण नेस्मिथ सामन्याला जात ते बहुधा निकाल पाहायला नव्हे, तर खेळ पाहायला.

ॲलन हे त्यांच्याच संघातून खेळलेले विद्यार्थी. 1905 च्या सुमारास, कॅन्सस विद्यापीठ ज्या गावात आहे त्या लॉरेन्सपासून थोड्याच अंतरावरील बाल्डविन येथील बेकर विद्यापीठाने या तरुणाला आपल्या संघाचा प्रशिक्षक म्हणून बोलावले. ते कळल्यावर नेस्मिथ यांना हसू आवरेना. बास्केटबॉल शिकवायचा नसतो, तो फक्त खेळायचा असतो, असे त्यांनी ॲलन यांना सांगितले. त्यावर ॲलन यांनी दिलेले उत्तर पुढे त्यांच्या कारकिर्दीची ओळख बनले. फ्री थ्रो (कोणी न अडवता बास्केटकडे चेंडू टाकण्याची संधी) कसा टाकावा हे शिकवता येते, पास सरळ रेषेत न देता कोनात द्यावा हे शिकवता येते आणि सरळ न धावता वळणदार मार्गाने धावावे हेही शिकवता येते, असा त्यांचा प्रतिवाद होता. गुरूने हा मुद्दा खोडून काढला नाही, शिष्यानेही आपला हेका सोडला नाही, आणि त्या मतभेदातून दोघांत कधी कटुता आली नाही. पुढे 1930 च्या दशकात नेस्मिथ यांनी आपले छायाचित्र ॲलन यांना भेट दिले, तेव्हा त्यावर खेळाच्या जनकाकडून बास्केटबॉल प्रशिक्षणाच्या जनकाला, अशा आशयाचा मजकूर स्वतःच्या हाताने लिहिला.

शिक्षक महोदयांना एक गोष्ट विशेष उपयोगी वाटेल. त्या काळी नियमही प्रशिक्षकाच्या बाजूचे नव्हते. 1910 च्या सुमारास नियमपुस्तकात अशी तरतूद आली की सामना चालू असताना संघाशी संबंधित कोणीही खेळाडूंना सूचना द्यायच्या नाहीत. पहिल्या वेळी ताकीद मिळे आणि पुन्हा तसे झाल्यास प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो दिला जाई. टाइमआउटमध्ये, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवला असताना, प्रशिक्षकाने खेळाडूंशी बोलण्याची मुभा महाविद्यालयीन खेळात 1940 च्या दशकाच्या अगदी अखेरीस मिळाली. म्हणजे ॲलन यांची बहुतेक कारकीर्द अशा काळात गेली, जेव्हा खेळाडूंना जे सांगायचे ते सामना सुरू होण्यापूर्वीच सांगून संपवावे लागे. आज मैदानाच्या कडेला उभे राहून सतत हातवारे करणारा प्रशिक्षक आपल्या डोळ्यांसमोर असतो. ॲलन यांचे खरे काम मात्र सरावाच्या दिवसांत, रिकाम्या प्रेक्षागारात होत असे. प्रशिक्षण म्हणजे सामन्याच्या आधी केलेली तयारी, ही कल्पना त्यांनी हट्टाने राबवली. त्यांची थोरवी विजयांच्या आकड्यांपेक्षा येथे अधिक आहे, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : ते डॉक्टर होते काय? त्यांच्या नावाआधी कोठे ‘डॉक्टर’ तर कोठे ‘फॉग’ असे वाचनात येते. (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : ते ऑस्टिओपॅथीचे पदवीधर होते. सांधे, स्नायू आणि पाठीचा कणा यांवर हाताने उपचार करण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅन्सस आणि मिसूरी याच भागात उदयास आली. 1909 मध्ये ॲलन यांनी प्रशिक्षण थांबवले, कॅन्सस सिटी येथे हा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि 1912 मध्ये मिसूरीतील वॉरेन्सबर्ग येथील शिक्षक महाविद्यालयात पुन्हा प्रशिक्षकपद घेतले. पुढे लचकलेला घोटा किंवा निखळलेला खांदा घेऊन आलेल्या आपल्या आणि परक्याही खेळाडूंवर ते स्वतः उपचार करीत. इतर खेळांतील नामवंतही त्यांच्याकडे येत. प्रशिक्षकानेच खेळाडूच्या शरीराची काळजी वाहायची, हा प्रघात त्यांच्या संघात इतरांच्या कितीतरी आधी रुजला होता. ‘फॉग’ हे टोपणनाव तरुणपणी बेसबॉलच्या सामन्यात पंच असताना त्यांच्या भोंग्यासारख्या आवाजामुळे पडले.

प्रश्न : त्यांनी एकूण किती सामने जिंकले? निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आकडे दिसतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आकड्यांत फरक पडतो तो सुरुवातीच्या काळातील कोणते सामने धरावेत यावरून. आज सर्वसाधारणपणे मान्य असलेला हिशेब 746 विजय आणि 264 पराभव असा आहे. त्यात बेकर येथील 45 विजय व 9 पराभव, लॉरेन्समधीलच मूलनिवासी अमेरिकन विद्यार्थ्यांच्या हॅस्केल संस्थेतील 27 व 5, वॉरेन्सबर्ग येथील 84 व 31 आणि कॅन्सस विद्यापीठातील 590 व 219 यांचा समावेश होतो. कॅन्सस विद्यापीठात ते दोनदा आले. 1907 मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी नेस्मिथ यांच्याकडून संघ हाती घेतला आणि दोन हंगाम सांभाळला. त्याच काळात ते शेजारच्या संस्थांचे संघही पाहत होते. एकाच माणसाने एकाच हंगामात एकाहून अधिक संघ शिकवणे आज अशक्य वाटेल, परंतु तेव्हा हा जोडव्यवसाय होता, पूर्ण वेळेची नोकरी नव्हती. 1919 मध्ये ते क्रीडा संचालक म्हणून परतले. त्या वेळच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाने पहिल्याच सामन्यानंतर पद सोडल्याने संघ पुन्हा त्यांच्याकडे आला आणि 1956 पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. 1920 मध्ये तर त्यांनी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघही एक हंगाम सांभाळला.

निवृत्तीच्या वेळी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक विजय त्यांच्याच नावावर होते. अजिंक्यपदांच्या बाबतीत मात्र वाचकांनी एक भेद लक्षात ठेवावा. 1922 आणि 1923 ची राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांच्या संघाच्या नावावर सांगितली जातात, परंतु त्या काळी राष्ट्रीय स्पर्धाच नव्हती. हेल्म्स क्रीडा प्रतिष्ठानाने अनेक वर्षांनी जुन्या नोंदी पाहून हा मान दिला. 1923 च्या संघाने 17 सामने जिंकून एकच गमावला होता, म्हणून हा मान अस्थानी म्हणता येणार नाही, तरीही मैदानावर मिळवलेले अजिंक्यपद आणि कागदावर बहाल केलेले अजिंक्यपद यांना एकाच मापाने मोजू नये. मैदानावर जिंकलेले त्यांचे राष्ट्रीय विजेतेपद एकच, 1952 चे. सिएटल येथील अंतिम सामन्यात कॅन्ससने न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स संघाचा 80-63 असा पराभव केला आणि त्यात क्लाइड लव्हलेट या उंचपुऱ्या खेळाडूने एकट्याने 33 गुण केले. 1940 आणि 1953 मध्ये ते अंतिम फेरीत पोहोचले, पण दोन्ही वेळा इंडियाना विद्यापीठाकडून हरले. 1953 चा पराभव तर 68-69 असा एका गुणाचा होता.

प्रश्न : एकेकाळी ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणे) बंद होणार होता आणि ॲलन यांनी तो वाचवला, असे आमचे प्रशिक्षक सांगतात. यात तथ्य किती? (एक महाविद्यालयीन खेळाडू, पुणे)

उत्तर : तथ्य पुष्कळ आहे, मात्र श्रेय एकट्या ॲलन यांचे नाही. 1927 च्या वसंतात नियम ठरवणाऱ्या संयुक्त समितीने असा निर्णय घेतला की खेळाडूने चेंडू एकदाच आपटावा आणि मग पास द्यावा किंवा बास्केटकडे टाकावा. यामागे विस्कॉन्सिनचे वॉल्टर मीनवेल यांचा आग्रह होता. मीनवेल हेही काही ऐरेगैरे नव्हते. त्यांचा संघ छोट्या, वेगवान पासांच्या आखीव खेळासाठी प्रसिद्ध होता आणि चेंडू घेऊन एकट्याने पळणारा खेळाडू सांघिक खेळ बिघडवतो, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. ॲलन यांचे म्हणणे नेमके उलट होते. ड्रिबल काढून टाकला, तर चेंडू हाती असलेल्या खेळाडूला बचाव करणारे चटकन कोंडीत पकडतील, आणि एकट्याच्या कौशल्याला वावच उरणार नाही.

ॲलन यांनी देशभरातील प्रशिक्षकांना हाक दिली. आयोवा राज्यातील डे मॉइन येथे मैदानी स्पर्धांच्या निमित्ताने अनेक प्रशिक्षक एकत्र येणार होते. तेथेच बैठक झाली आणि विरोध एवढा वाढला की समितीला निर्णय मागे घ्यावा लागला. त्याच बैठकीतून बास्केटबॉल प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि तिचे पहिले अध्यक्ष ॲलन झाले.

या घटनेचे महत्त्व ड्रिबलपुरते नाही. तोपर्यंत प्रशिक्षक हा विद्यापीठाचा एक कर्मचारी होता. नियम करणारे वेगळे आणि शिकवणारे वेगळे. 1927 नंतर शिकवणाऱ्यांना स्वतःचा आवाज मिळाला. या संघटनेनेच 1939 मध्ये इलिनॉयमधील एव्हन्स्टन येथे पहिली राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा भरवली. ओरेगनने ओहायो स्टेटला 46-33 असे हरवून ती जिंकली, पण हिशेबात तोटा आला. पुढच्या वर्षी अंतिम सामना कॅन्सस सिटीच्या मोठ्या सभागृहात घेण्यात ॲलन यांचा पुढाकार होता आणि त्या वर्षी स्पर्धा फायद्यात गेली. मार्च महिन्यात सारी अमेरिका ज्या स्पर्धेत गुंतून जाते, तिचे पहिले पाऊल असे डळमळीत होते.

प्रश्न : बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये आणण्यात त्यांचा वाटा कोणता? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : वाटा मोठा आहे, पण त्यांच्या वाट्याला समाधान थोडेच आले. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ यावा म्हणून त्यांनी खटपट केली, ती फळली नाही. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये मात्र बास्केटबॉलला पदकाच्या खेळांत स्थान मिळाले. त्यात युरोपातील संघटनांचेही मोठे प्रयत्न होते, हे सांगणे न्यायाचे ठरेल. वृद्ध नेस्मिथ यांना बर्लिनला पाठवण्यासाठी प्रशिक्षकांच्या संघटनेने पैसे उभे केले आणि पहिल्या सामन्यात चेंडू उडवण्याचा मान त्यांना मिळाला. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या कोर्टवर, पावसात झाला. चिखलात चेंडू आपटल्यावर उसळतच नव्हता. अमेरिकेने कॅनडाला 19-8 असे हरवले.

ॲलन स्वतः बर्लिनला नव्हते. अमेरिकेतील हौशी क्रीडा संघटनेशी त्यांचे तीव्र मतभेद झाले होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाहीत. आपल्या बोलण्याने लोक दुखावतात याची त्यांना फिकीर नसे. हा त्यांचा गुण होता तसाच दोषही होता. 1952 मध्ये हेलसिंकीच्या अमेरिकन संघात कॅन्ससचे तब्बल सात खेळाडू होते, तरी ॲलन यांना साहाय्यक प्रशिक्षकपदावरच समाधान मानावे लागले, कारण निवड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कॅन्ससचा संघ पिओरिया येथील एका कारखान्याच्या संघाकडून दोन गुणांनी हरला होता आणि मुख्य प्रशिक्षकपद त्या संघाच्या वॉरन वोम्बल यांच्याकडे गेले. अमेरिकेने अंतिम फेरीत सोव्हिएत संघाला 36-25 असे हरवून सुवर्णपदक मिळवले.

प्रश्न : त्या काळच्या वर्णभेदाच्या बाबतीत ॲलन यांची भूमिका काय होती? गौरवपर लेखनात हा भाग गाळला जातो. (एक निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : प्रश्न योग्य आहे. ॲलन यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या तीन दशकांत कॅन्ससच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता आणि ही परिस्थिती केवळ योगायोगाची नव्हती. 1930 च्या दशकात जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी शारीरिक शिक्षण शिकायला कॅन्ससला आला. नेस्मिथ यांनी त्याला आपल्या पंखाखाली घेतले, शिकवले, पुढच्या वाटा दाखवल्या. परंतु विद्यापीठाच्या संघात खेळणे त्याला शक्य नव्हते, कारण संघाची दारे त्याच्यासारख्यांना बंद होती. तोच मॅक्लेंडन पुढे अमेरिकेतील फार मोठ्या प्रशिक्षकांत गणला गेला आणि वेगवान खेळाच्या त्याच्या पद्धतीने अनेकांना मार्ग दाखवला. तरुण मॅक्लेंडन ॲलन यांच्या संघाबाहेर राहिला, ही त्या संघाच्या इतिहासातील उणीव आहे आणि ती विजयांच्या आकड्यांनी भरून निघत नाही.

1950 च्या दशकाच्या आरंभी लाव्हॅनस स्क्वायर्स हा कृष्णवर्णीय खेळाडू कॅन्ससच्या संघात आला आणि 1952 च्या विजेत्या संघातही तो होता. 1955 मध्ये ॲलन यांनी फिलाडेल्फियाहून विल्ट चेंबरलेनला आणले. म्हणजे ॲलन बदलले, पण उशिरा, आणि काळ बदलू लागल्यावर. नेस्मिथ यांनी एका विद्यार्थ्याच्या बाबतीत जे औदार्य 1930 च्या दशकात दाखवले, ते ॲलन यांच्याकडून त्या काळात दिसले नाही. त्यांची जन्मवर्षे पाहिली (नेस्मिथ 1861, ॲलन 1885), तर ‘जुन्या पिढीचा माणूस’ ही सबब येथे चालत नाही.

प्रश्न : त्यांच्या हाताखाली तयार झालेले कोणते प्रशिक्षक पुढे नावारूपाला आले? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : दोन नावे सर्वांना ठाऊक असतात. केंटकी विद्यापीठाचे ॲडॉल्फ रप हे 1922 आणि 1923 च्या कॅन्सस संघांत राखीव खेळाडू होते. नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ 1952 च्या विजेत्या संघात होते आणि तेही बहुतेक वेळ बाकावरच बसले. रप यांनी 876 विजय मिळवून गुरूचा विक्रम मोडला आणि स्मिथ यांनी 879 विजयांनी रप यांना मागे टाकले. दोघेही मैदानावर फारसे न खेळता बाजूला बसून पाहणारे होते, हा नुसता योगायोग म्हणावा की काय, हे वाचकांनी ठरवावे. याशिवाय आर्थर लॉनबर्ग आणि राल्फ मिलर यांनीही दीर्घ आणि यशस्वी कारकीर्द केली.

रप यांच्या संदर्भात एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. 1944 मध्ये ॲलन यांनी जाहीरपणे इशारा दिला की मोठ्या शहरांतील सट्टेबाज महाविद्यालयीन खेळाडूंपर्यंत पोहोचले आहेत आणि वेळीच आवर घातला नाही तर खेळाची अब्रू जाईल. अनेकांनी हे त्यांच्या नेहमीच्या भडक बोलण्यात जमा केले. काही महिन्यांतच ब्रुकलिन कॉलेजच्या पाच खेळाडूंनी लाच घेतल्याचे उघड झाले आणि 1951 मध्ये न्यूयॉर्कमधील अशाच लाचखोरीच्या प्रकरणाने सारा देश हादरला. आपल्या मुलांच्या वाऱ्यालाही सट्टेबाज उभे राहू शकणार नाहीत, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या रप यांच्याच केंटकीचे खेळाडू त्यात सापडले आणि केंटकीला 1952-53 चा संपूर्ण हंगाम खेळता आला नाही. जुन्या गुरूचे म्हणणे एवढ्या क्रूर रीतीने खरे ठरेल, असे कोणालाच वाटले नसावे.

प्रश्न : विल्ट चेंबरलेनसारखा खेळाडू मिळवूनही ॲलन यांना त्याला सामन्यात उतरवता आले नाही, हे खरे काय? (ठाणे, नगर आणि इंदूर येथील वाचकांचे मिळून)

उत्तर : खरे आहे, आणि आमच्या मते ॲलन यांच्या कारकिर्दीतील सर्वांत चटका लावणारा भाग हाच आहे. सात फुटांहून उंच, धावण्यात आणि उडीतही अव्वल असलेल्या या मुलावर देशातील किती तरी विद्यापीठांचा डोळा होता. तो कॅन्ससला आला त्यामागे सत्तरीला टेकलेल्या ॲलन यांचे मन वळवण्याचे कसब होते. मात्र त्या काळच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. 1955-56 चा हंगाम चेंबरलेनला प्रथम वर्षाच्या संघातच काढावा लागला.

18 नोव्हेंबर 1955 रोजी नव्या मुलांचा संघ आणि मुख्य संघ यांच्यात सामना झाला. अशा सामन्यांत मुख्य संघ जिंकायचा, ही ठरलेली गोष्ट. त्या दिवशी मात्र नव्या मुलांनी 81-71 अशी बाजी मारली आणि चेंबरलेनने 42 गुण केले. तो दिवस ॲलन यांचा सत्तरावा वाढदिवस होता. आपल्याच मुख्य संघाला हरताना पाहून ते खंतावले असतील असे वाटत नाही. पुढच्या वर्षी हा मुलगा आपल्या संघातून खेळणार, या हिशेबातच ते असणार.

पण त्याच वाढदिवसाने त्यांची वाट अडवली. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे सत्तराव्या वर्षी निवृत्ती सक्तीची होती. ॲलन यांनी मुदतवाढीसाठी प्रयत्न केले, त्यांच्या चाहत्यांनी आवाज उठवला, परंतु नियमाला अपवाद झाला नाही. 1956 मध्ये संघ त्यांचे साहाय्यक डिक हार्प यांच्याकडे गेला. हार्प हेही ॲलन यांचेच जुने खेळाडू. 1952 च्या हंगामात संघ अडखळला, तेव्हा प्रतिस्पर्ध्याला सुखाने पासच घेऊ न देणारा दडपणाचा बचाव त्यांनी सुचवला आणि ॲलन यांनी तो स्वीकारला. सहासष्टाव्या वर्षी साहाय्यकाची नवी कल्पना मान्य करणे, हेही ॲलन यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. डिसेंबर 1956 मध्ये चेंबरलेनने मुख्य संघातील पहिल्याच सामन्यात 52 गुण केले. 1957 च्या अंतिम सामन्यात कॅन्सस तीन जादा डावांनंतर नॉर्थ कॅरोलायनाकडून 53-54 असा हरला. ॲलन असते तर निकाल बदलला असता का, यावर लॉरेन्समध्ये दीर्घकाळ वाद चालला. तो वाद मिटणारा नाही, म्हणून आम्ही त्यात पडत नाही.

विद्यापीठाने त्यांच्या हयातीतच नव्या प्रेक्षागाराला त्यांचे नाव दिले. 1 मार्च 1955 रोजी कॅन्सस स्टेटविरुद्धच्या सामन्याने ॲलन फील्डहाउस सुरू झाले आणि यजमानांनी तो सामना 77-67 असा जिंकला. आजही विद्यापीठाचे सामने तेथेच होतात. 1959 मध्ये बास्केटबॉलच्या गौरवदालनात ज्या पहिल्या तुकडीची निवड झाली, तिच्यात नेस्मिथ आणि ॲलन दोघेही होते. ॲलन यांचे निधन 16 सप्टेंबर 1974 रोजी लॉरेन्स येथे झाले.

प्रश्न : या परंपरेचा आपल्याकडील बास्केटबॉलशी काही संबंध जोडता येतो काय? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : ॲलन यांच्याशी थेट संबंध जोडणे ओढूनताणून होईल. नेस्मिथ यांच्या स्प्रिंगफील्डशी मात्र संबंध आहे. तेथेच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी 1920 मध्ये मद्रास येथे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले आणि वाय.एम.सी.ए.च्या शाखांमार्फत हा खेळ भारतात पसरला. मुंबईत नागपाडा हे बास्केटबॉलचे जुने केंद्र. तेथील नेबरहुड हाउस 1920 च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने उभारले. भारताचे माजी कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर याच नागपाड्याच्या कोर्टवर घडले.

प्रश्न : बास्केटची उंची दहाऐवजी बारा फूट असावी, असा ॲलन यांचा आग्रह होता असे वाचले. तो मान्य का झाला नाही? (एक पंच, कोल्हापूर)

उत्तर : दहा फूट ही उंची स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेतील सज्जाची होती, तिच्यामागे याहून मोठे शास्त्र नाही. ॲलन यांचे म्हणणे असे होते की केवळ उंचीच्या बळावर चेंडू वरून आत सोडणाऱ्याला कौशल्याचे श्रेय मिळू नये आणि बास्केट बारा फुटांवर नेली तर उंच खेळाडूलाही नेम धरावा लागेल. या मतासाठी ते वर्षानुवर्षे भांडले, आणि त्याच काळात लव्हलेट व चेंबरलेन या दोन अतिउंच खेळाडूंना त्यांनी स्वतःच खटपट करून कॅन्ससला आणले. नियम आहे तोवर त्याचा फायदा घ्यायचा आणि नियम बदलण्यासाठीही झगडायचे, असा त्यांचा व्यवहार होता. टीकाकारांना तो दुटप्पी वाटे. आम्हाला तो निव्वळ व्यावहारिक वाटतो.

त्यांची सूचना मान्य झाली नाही, कारण देशभरातील प्रत्येक शाळेची आणि व्यायामशाळेची बास्केट बदलावी लागली असती, आणि उंच खेळाडूंना आवर घालण्याचे सोपे उपाय समितीला सापडले. 1944 मध्ये बास्केटकडे खाली येणारा चेंडू बचाव करणाऱ्याने अडवण्यावर बंदी आली. 1956-57 पासून महाविद्यालयीन खेळात बास्केटसमोरील, हल्ला करणाऱ्या खेळाडूला फार वेळ थांबता येत नाही असा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद झाला, म्हणजे उंच खेळाडूला बास्केटखाली ठाण मांडून बसणे अवघड झाले. 1967 ते 1976 या काळात चेंडू वरून दाबून आत घालणेही महाविद्यालयीन सामन्यांत निषिद्ध होते. पट्टा रुंद करण्याचा नियम लागू झाला तो चेंबरलेनच्या मुख्य संघातील पहिल्याच हंगामात, म्हणजे ॲलन यांच्या निवृत्तीनंतर लगेच.